स्विमिंग पूलभोवती आर्टिफिशियल टर्फ: काळ्या मातीत आणि नागपूरच्या उन्हात टिकेल असं कसं बसवायचं

पूलभोवतीचं टर्फ एका पावसाळ्यात फुगलं, कडेनं उचललं किंवा त्याला कुबट वास यायला लागला, की लोक आधी दुकानदाराला फोन करतात. उचलून पाहिलं तर टर्फ बहुतेक वेळा ठणठणीत असतं. त्याच्याखाली दोन इंच चुरी (गिट्टीची भुकटी) निघते, चुरीखाली काळं प्लास्टिक, आणि प्लास्टिकवर साचलेलं पाणी. प्लास्टिक कशाला टाकलं विचारलं तर "गवत येऊ नये म्हणून".

टर्फ पसरायला एक दिवस लागतो. त्याआधीची खोदाई, ढाळ, काँक्रीट आणि कुटाई यांना निदान दहा दिवस जातात, आणि घाई नेमकी तिथेच होते. म्हणून हा लेख कामाच्या क्रमानं लिहिला आहे. एक टप्पा तपासून झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

उदाहरणासाठी ८ मीटर बाय ४ मीटरचा आरसीसी पूल धरला आहे. त्याला चारही बाजूंनी ३०० मिमी रुंद कोपिंग (पूलच्या भिंतीच्या माथ्यावरची टाइलची कड) आहे आणि बाहेर माती आहे. तुमच्याकडे आधीच फरशी किंवा काँक्रीट असेल तर त्याचा छोटा भाग शेवटाकडे आहे, पण जोड आणि कडांचे टप्पे तुम्हालाही वाचावेच लागतील.

## १. मुहूर्त

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीपर्यंत वरची माती कामाजोगी होते, ऊन सुसह्य असतं आणि चिकटवायच्या ग्लूला वेळ मिळतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा दव उडून गेल्यावर, साडेदहा-अकराला सुरुवात करा.

मे महिन्यात करायचंच असेल तर खोदाई आणि कुटाई करून घ्या, टर्फ कापणं-चिकटवणं मात्र सकाळी नऊच्या आत. भर उन्हात टर्फ ताणून मोठं होतं. दुपारी तंतोतंत बसवलेला जोड रात्री आकसतो आणि सकाळी त्यातून टेप दिसते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, टर्फ बसवून देतो म्हणणाऱ्या ठेकेदाराला घाई असते, आणि नंतरच्या दुरुस्तीचा खर्च तुमचा असतो.

पूल नवा असेल तर आणखी एक अट. भिंतीमागे भरलेली माती एक पूर्ण पावसाळा खाऊन बसू द्या. हे मी स्वतः चुकून शिकलो. मावसभावाच्या, नागपूरलगतच्या बेसातल्या घरी मार्चमध्ये पूल झाला. खोदलेली काळी मातीच जेसीबीनं भिंतीमागे ढकलली होती आणि एप्रिलमध्ये आम्ही टर्फ घातलं. ऑगस्टमध्ये गेलो तर कोपिंगपासून फूटभर अंतरावर पूलच्या लांबीइतकी एक घळ पडली होती. फूटपट्टी लावली तर ४० मिमी. मी कोपरा उचलायला लागलो तर भाऊ म्हणाला, "वरून तं मस्त दिसते ना बे, काहून उकरतो?" उकरलं. खाली राखाडी, साबणासारखा चिखल होता आणि गिट्टी त्यात शेंगदाण्यासारखी रुतलेली. सगळं काढून पुन्हा केलं, फुकट.

## २. मोजणी आणि रोलचा नकाशा

चुकीची खरेदी इथे होते. टर्फचा सर्रास मिळणारा रोल २ मीटर रुंद आणि २५ मीटर लांब असतो. दुकानात हिशेब चौरस फुटांत होतो, म्हणून लोक क्षेत्रफळ काढतात, त्यात पाच टक्के घालतात आणि मोकळे होतात. पण टर्फच्या पात्यांना एक कल असतो, मखमलीसारखा. हात एका बाजूनं फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरबरीत. सगळे तुकडे एकाच कलानं लागले पाहिजेत. एक तुकडा आडवा लावला, की एकाच रोलमधून कापलेला असूनही उन्हात तो वेगळ्या रंगाचा दिसतो.

आपल्या उदाहरणात कोपिंगसकट पूल ८.६ बाय ४.६ मीटर होतो. भोवती टर्फचा पट्टा १.९ मीटर धरा, पूर्ण २ मीटर नको, कारण रोलच्या दोन्ही कडांच्या दोन-तीन ओळी कापून टाकाव्या लागतात. बाहेरचं माप येतं १२.४ बाय ८.४ मीटर, आणि टर्फचं निव्वळ क्षेत्र ६४.६ चौरस मीटर, म्हणजे साधारण ६९५ चौरस फूट.

आता कागदावर पट्टे मांडा. लांब बाजूचे दोन पट्टे प्रत्येकी १२.५ मीटर. आखूड बाजूंना कल तोच ठेवायचा तर प्रत्येकी तीन तुकडे, एक तुकडा २ मीटरचा. म्हणजे २५ अधिक १२, एकूण ३७ मीटर लांबी. ही झाली ७४ चौरस मीटर, जवळपास ७९७ चौरस फूट. निव्वळ क्षेत्रापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त.

मिस्त्री सांगेल की आखूड बाजूला ४.७ मीटरचा एकेक पट्टा उभा लावला तर ३४.४ मीटरमध्ये भागतं, जोडही कमी होतात. खरं आहे. ५५-५६ चौरस फूट वाचतात आणि पूलच्या दोन बाजू कायमच्या दोन रंगांच्या दिसतात. मी वाचवत नाही. उरलेले तुकडे पुढे दिवाळीत कामी येतात, ते कसं ते शेवटी.

पात्यांचा कल कुठे हवा? घरातून जिथून जास्त बघणं होतं त्या दिशेला पाती झुकलेली असावीत. उलट बाजूनं पाहिलं तर मधला फिकट बुंधा दिसतो.

तपासणी: नकाशावर प्रत्येक तुकड्यात बाण काढला का? दोन रोल लागणार असतील तर दोन्हींवर एकच लॉट नंबर आहे का? वेगळ्या लॉटचा हिरवा वेगळा असतो, आणि तो दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. रोल उन्हात आणून शेजारी ठेवा.

## ३. टर्फ निवडताना

लग्नाच्या मंडपात अंथरतात ते पातळ हिरवं कार्पेट इथे चालत नाही, कितीही स्वस्त मिळालं तरी. पूलजवळ २५ ते ३५ मिमी उंचीची, पॉलिएथिलीनची, यूव्ही-स्थिर पाती घ्या. ४० मिमीच्या वर गेलात तर दिसतं छान, पण ओल्या पायांनी पाती आडवी होतात आणि वाळायला वेळ लागतो.

उलटं करून पाठ बघा. पाण्यासाठी भोकं हवीत, आणि पाठीचा लेप शक्यतो पॉलियुरेथेनचा हवा. लॅटेक्स सतत ओलं राहिलं की हळूहळू पकड सोडतं. घरी एक सोपी परीक्षा करता येते: हातभर तुकडा रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, सकाळी पक्कडीनं पात्यांचा झुबका ओढा. सहज निघाला तर तो माल नको.

## ४. जमिनीखाली काय आहे ते आधी शोधा

गैंती उचलण्याआधी पूलच्या पंपखोलीत जा आणि तिथून निघणारे पाइप कुठे जातात ते बघा. सक्शन, रिटर्न, स्किमरचा (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं तोंड) पाइप, पाण्याखालच्या दिव्यांची केबल, ओव्हरफ्लो असेल तर बॅलन्सिंग टाकीची (सांडलेलं पाणी साठवणारी) लाइन. त्यांच्या वाटेवर चुन्याची रेघ मारा. मिस्त्रीचा "इथं काही नाही साहेब" हा पुरावा नव्हे. जिथे शंका आहे तिथे पहिला फूट फावड्यानं हलक्या हातानं उकरा.

प्रत्येक उघडा पडलेला पाइप टेप लावून फोटोत घ्या, म्हणजे कोपिंगपासून किती आणि खाली किती ते फोटोतच राहील. तीन वर्षांनी गळती झाली तर हे फोटो हजारो रुपये वाचवतात.

इशारा: खोदताना पूलच्या दिव्यांचा आणि पंपाचा मेन बंद. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्या, टर्फ नंतर.

## ५. खोदाई

नागपूरची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर थेट काहीही बसवलं तर ते दरवर्षी वर-खाली होणारच. तुमच्याकडे फूटभर खाली मुरूम लागत असेल तर नशीब चांगलं. नाही तर माती काढून बाहेरचा मुरूम आणा.

खोली अशी काढा: मुरूम १५० मिमी, गिट्टी १०० मिमी, बारीक गिट्टी ४० मिमी, आणि हे सगळं कोपिंगच्या माथ्यापेक्षा २० मिमी खाली संपायला हवं. एकूण कोपिंगपासून ३१० मिमी खाली. बाहेरच्या कडेला ढाळामुळे आणखी इंचभर. पूलच्या भिंतीला लागून सब्बल चालवू नका. तिथलं शेवटचं वीतभर फावड्यानंच.

लव्हाळा आणि हराळी यांच्यासाठी वेगळा वेळ ठेवा. लव्हाळ्याच्या गाठी मातीत राहिल्या तर कोंब जिओटेक्स्टाइलला (गिट्टीखाली घालायचं, पाणी झिरपू देणारं कापड) भोक पाडून टर्फमधून वर येतो, आणि प्लास्टिकलाही तो मानत नाही. गाठी चाळून काढा. नुसतं वरून कापलेलं गवत आषाढात परत भेटतं.

खोदलेली माती पूलच्या काठावर रचू नका. पहिल्याच सरीत ती पाण्यात जाते आणि मग फिल्टर दोन दिवस रडतो.

## ६. ढाळ आणि पाण्याची वाट

या कामाचा जीव इथे आहे, म्हणून थोडं सावकाश.

इंटरनेटवरचे व्हिडिओ सांगतात की खाली गिट्टी टाकली की पाणी जिरून जातं. ते रेताड जमिनीत. काळ्या मातीत पाणी जिरत नाही. तुम्ही खोदलेला ३१० मिमीचा खड्डा म्हणजे पूलच्या बाहेरचा दुसरा पूल होतो, फक्त गिट्टीनं भरलेला. त्यातलं पाणी खालच्या मातीला फुगवतं, वरून टर्फ सडका वास देतं, आणि भिंतीवर बाहेरून दाब वाढतो. फायबरचा पूल असेल आणि कुणी पावसाळ्यात तो रिकामा केला तर तो होडीसारखा वर उचलला जाऊ शकतो.

म्हणून ढाळ दोन ठिकाणी हवा: वरच्या थराला आणि खड्ड्याच्या तळालाही. पूलपासून बाहेरच्या दिशेनं, मीटरला १५ मिमी. आपल्या १.९ मीटरच्या पट्ट्यात एकूण २८ मिमी. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका, दोरी ताणा. डोळ्यांनी ढाळ काढणारे मिस्त्री मला माहीत आहेत. त्यांचे चुकलेले ढाळही माहीत आहेत.

बाहेरच्या कडेला ३०० मिमी रुंद आणि खड्ड्याच्या तळापासून ३०० ते ४०० मिमी खोल चर खणा. त्यात जिओटेक्स्टाइल पसरा, थोडी गिट्टी, वर भोकांचा ११० मिमी पीव्हीसी पाइप, पुन्हा गिट्टी, आणि कापड वरून दुमडून घ्या. पाइपला मीटरमागे १० मिमी ढाळ. १२.४ मीटरच्या बाजूला एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १२४ मिमी उतार होतो, तो आधी हिशेबात धरा, नाहीतर शेवटी चेंबर पाइपपेक्षा वर निघतो. सगळं पाणी एका चेंबरमध्ये आणा आणि तिथून पावसाळी नाल्याकडे.

इशारा: हा पाइप किंवा फिल्टरचं बॅकवॉश (फिल्टर उलटा धुतल्याचं पाणी) बोअरवेलच्या पुनर्भरण खड्ड्याला जोडू नका. क्लोरीनचं पाणी जमिनीत सोडायचं नाही. बॅकवॉशचा पाइप टर्फवर उघडा सोडणं हीही नेहमीची चूक. त्या जागी पंधरा दिवसांत पिवळट, चिकट पट्टा होतो.

तपासणी: मुरूम टाकण्याआधी तळावर, पूलच्या बाजूनं एक बादली पाणी ओता. ते चराकडे वाहत गेलं पाहिजे. मध्ये थांबलं तर तळ पुन्हा घासा.

## ७. कडेची काँक्रीट पट्टी

टर्फची पूलकडची कड खिळ्यांवर ठेवायची नाही. अनवाणी पोरं पळतात, खिळे गंजतात आणि काळ्या मातीतून दरवर्षी सूतभर वर येतात. पूलपासून मीटरभरात मी एकही खिळा मारत नाही.

कोपिंगच्या मागे १०० मिमी रुंद, १५० मिमी खोल काँक्रीटची पट्टी ओता. तिचा माथा कोपिंगपेक्षा २० मिमी खाली. ३० मिमीचं टर्फ चिकटलं की पाती कोपिंगपेक्षा सेंटिमीटरभर वर राहतात आणि कड झाकली जाते. पट्टी आणि कोपिंग यांच्यात १० ते १२ मिमी फट ठेवा. तिच्यात फोमची दोरी दाबून वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. पूल आणि बाहेरची जमीन वेगवेगळ्या हलतात. ही फट सिमेंटनं बुजवली तर पुढच्या मे महिन्यात कोपिंगची टाइल तडकते. बाहेरच्या कडेलाही अशीच पट्टी किंवा विटांची कड घ्या, पण ती मुरूम-गिट्टीच्या थरांतून पाणी अडवणार नाही इतपतच खोल ठेवा.

बाहेरदेशी लाकडी पट्ट्यांवर टर्फ ठोकतात. आपल्याकडे ती वाळवीची मेजवानी आहे.

काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारा आणि नंतर पूर्ण वाळू द्या. ओल्या काँक्रीटवर ग्लू फेसाळतो.

## ८. थर भरणं आणि कुटाई

आपल्या मापाला साधारण साडेचार ब्रास मुरूम, तीन ब्रास २० मिमी गिट्टी आणि सव्वा ब्रास ६ मिमी गिट्टी लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दबाईसाठी लागणारं वाढीव माप यात धरलं आहे. पाचगावकडच्या खाणींवरून ट्रक मागवत असाल तर गाडी खाली करण्याआधी वर चढून बघा. धुळीनं पांढरी झालेली गिट्टी परत पाठवा.

क्रम असा. कापलेल्या तळावर मुरूम ७५ मिमीच्या दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून कुटाई. मग १५० ते २०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचं) न विणलेलं जिओटेक्स्टाइल, जोडांवर फूटभर एकावर एक. त्याच्यावर २० मिमी गिट्टी, तिच्यात १०-१२ मिमीची थोडी मिसळ म्हणजे खडे एकमेकांत अडकतात. सगळ्यात वर ६ मिमी गिट्टी, चुरी अगदी नावापुरती. चुरी जास्त झाली की ती भिजून सिमेंटसारखी बसते आणि पाणी वरच थांबतं. शेवटचा थर हातात घट्ट दाबून सोडला तर त्याचा लाडू वळू नये.

भाड्याचा प्लेट कॉम्पॅक्टर पुरतो. मात्र कोपिंगपासून फूटभर आणि पाइपांच्या वर हातानं दुरमुसच वापरा, मशीनच्या कंपनानं टाइल सुटतात.

तपासणी, आणि ही टाळू नका:
टाच जोरात रोवून एक पाऊल फिरवा. ठसा दिसला तर चालेल, खड्डा पडला तर कुटाई अपुरी.
३ मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सगळीकडे आडवी-उभी ठेवा. खाली ५ मिमीपेक्षा जास्त फट असेल तिथे भर घाला. टर्फ खड्डे झाकत नाही, ते अधिक ठळक दाखवतं, विशेषतः संध्याकाळच्या तिरक्या उन्हात.
बादलीभर पाणी ओता. दोन-तीन मिनिटांत वरून दिसेनासं व्हायला हवं.

## ९. पसरणं आणि कापणं

रोल उघडा, पट्टे नकाशातल्या बाणांप्रमाणे मांडा आणि दोन-तीन तास तसेच राहू द्या. घड्या सुटतात, टर्फ आपल्या मापाला येतं. थंडीत जास्त वेळ द्या. पट्टा सरकवायचा असेल तर दोघांनी उचलून ठेवायचा. ओढत नेला तर खालची सपाटी विस्कटते आणि इतकी कुटाई पाण्यात जाते.

कापणं नेहमी पाठीकडून, पात्यांच्या दोन ओळींच्या मधून. पातं दर दोन-तीन मीटरला बदला. दहा-वीस रुपयांचं पातं वाचवण्यापायी कड दातेरी होते. पूलच्या बाजूला पहिल्यांदा ५० मिमी जादा ठेवून कापा, आणि शेवटचा काप टर्फ निवांत बसल्यावर. सुरी कोपिंगवर टेकवून कधीच ओढू नका. टाइलवरचा ओरखडा कायमचा.

पूल गोलाकार किंवा काजूच्या आकाराचा असेल तर वळणावर दर १०० मिमीला छोटे काप द्या, मग टर्फ वळतं. एकाच दमात वळण कापायचा मोह होतो. तो आवरा.

स्किमरचं झाकण, व्हॉल्व्ह चेंबर, कव्हरच्या कड्या आणि खोलीचे आकडे असलेल्या टाइल यांच्यावर टर्फ चिकटवायचं नाही. झाकणाच्या आकाराचा तुकडा कापून त्या झाकणावरच लावा, म्हणजे ते उघडता येतं. कोपिंगही उघडंच ठेवा. पोहणाऱ्याला हात टेकायला ती कडक कड लागते, आणि कुठे जमीन संपून पाणी सुरू होतं ते रात्री दिसायला हवं.

## १०. जोड

दोन्ही तुकड्यांच्या कारखान्यातल्या कडांच्या दोन-तीन ओळी कापून टाका. दोन पाठी एकमेकींजवळ आणा. मध्ये एक-दोन मिमी फट, म्हणजे साधारण दोन ओळींमधलं नेहमीचं अंतर तेवढंच राहील. एकमेकींवर चढल्या तर रेघ उठून दिसते, फट वाढली तर भांग पडतो.

दोन्ही कडा फूटभर मागे दुमडा. खाली ३०० मिमी रुंद जोड-टेप पसरा, तिची खरबरीत बाजू वर. दोन घटकांचा पीयू ग्लू डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा. एका वेळी लागेल तेवढाच, कारण डब्यावर लिहिलेला कामाचा वेळ आपल्या उन्हात झपाट्यानं कमी होतो. दातेरी करणीनं टेपवर पसरा आणि कडा एका टोकापासून हळूहळू सोडा, मध्ये अडकलेली पाती बोटांनी वर काढत. मग रेतीच्या गोण्या ठेवून दाब द्या. २४ तास त्यावर कुणी चालायचं नाही. पाहुणे नाही, कुत्रा नाही, "जरा बघून येतो" म्हणणारे शेजारी तर मुळीच नाहीत.

इशारा: टेप, गिट्टी, टर्फची पाठ, काहीही ओलं असताना हा ग्लू लावू नका. पाण्याशी तो फेस धरतो आणि जोड पोकळ राहतो. त्या दिवशी पूलमध्ये उड्या बंद. पाण्यात उतरायचा हट्ट धरून बसलेल्या पोरांना मामाकडे पाठवा.

## ११. कड चिकटवणं

काँक्रीट पट्टी ब्रशनं झाडून, कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. पूर्ण १०० मिमी रुंदीत ग्लू, मध्ये-मध्ये ठिपके ठेवून नाही. सीलंटच्या फटीवर ग्लू जाऊ देऊ नका, ती हलती राहिली पाहिजे. आधी एक लांब बाजू, मग समोरची, आणि आखूड बाजू शेवटी. चारही बाजू एकाच वेळी सुरू केल्या की मध्ये फुगा राहतोच. ग्लूचा थेंब टाइलवर पडला तर ताबडतोब पुसा. सुकल्यावर तो काढताना टाइलची चमक जाते.

## १२. वरची रेती

कन्हान नदीची रेती घरी पडलेली असते आणि तीच पसरतात. बांधकामाला ती उत्तम, इथे नको. तिच्यातला गाळ भोकं बुजवतो. धुतलेली, गोल दाण्यांची सिलिका रेती घ्या, साधारण ०.४ ते ०.८ मिमीची. चौरस मीटरला ५ किलो पुरे, म्हणजे आपल्या मापाला ५० किलोच्या साडेसहा गोण्या. काळे रबरी दाणे पूलजवळ अजिबात नकोत, ते फार तापतात.

टर्फ पूर्ण कोरडं असताना, पाती कडक ब्रशनं उलट दिशेनं उभी करत, दोन-तीन हप्त्यांत रेती झाडा. कोपिंगलगतचा फूटभर पट्टा मी रेतीविना सोडतो. तिथे ग्लूची पकड आहे, वजनाची गरज नाही, आणि तिथलीच रेती ओल्या पायांनी पूलमध्ये जाते.

## आधीच काँक्रीट किंवा कोटा फरशी असेल तर

आधी पाणी ओतून ढाळ बघा. पाणी साचत असेल तर टर्फ तो रोग झाकेल, बरा करणार नाही. आधी ढाळ दुरुस्त करा. ढाळ ठीक असेल तर खाली पाणी वाहून नेणारी प्लास्टिकची जाळीदार चटई घाला, नाहीतर टर्फच्या पाठीची भोकं फरशीवर टेकून बंद होतात. कडा पॉलिश नसलेल्या जागेवरच चिकटतात. गुळगुळीत कोटा असेल तर ग्राइंडरनं खरबरीत करा. जुन्या एक्स्पान्शन जॉइंटवरून ग्लू ओलांडू नका.

## पहिलं वर्ष

मेच्या दुपारी टर्फ अनवाणी पायांना सोसवत नाही, आणि हे कुठलाच विक्रेता आधी सांगत नाही. पाइपनं पाणी मारलं की थंड होतं, पण थोड्याच वेळापुरतं. चालायच्या वाटेवर सावली करा. शहरातल्या सिग्नलवर उन्हाळ्यात बांधतात तसली हिरवी जाळी चालते. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आरशासारखी काच असेल तर दुपारी तिचं परावर्तन कुठे पडतं ते बघा. तिथली पाती वितळून चिकटतात. हा दोष टर्फचा नसतो, आणि वॉरंटीत बसतही नाही.

पूलमधलं नेहमीच्या प्रमाणातलं क्लोरीन टर्फला काही करत नाही. क्लोरीनच्या (टीसीसीए) गोळ्यांचा डबा किंवा आम्लाची बाटली मात्र टर्फवर टेकवू नका, गोल डाग कायमचा राहतो. बोअरचं पाणी जड असेल तर पात्यांवर पांढरट क्षार बसतात. पंधरवड्यातून एकदा साध्या पाण्यानं धुवा आणि ब्रश मारा. सावजी रस्सा सांडला तर तेल साबणाच्या पाण्यानं काढा आणि हळदीच्या पिवळ्या डागाशी झटापट करू नका, तो उन्हानं आपोआप फिका होतो.

दिवाळीत अनार आणि फुलबाज्या पूलच्या बाजूला नकोत. तरी उडतातच. त्यासाठी ते उरलेले तुकडे सांभाळून ठेवा, आणि वर्षभर उन्हातच ठेवा, गच्चीवर. माळ्यावर ठेवलेला तुकडा नवाकोरा हिरवा राहतो आणि ठिगळ दुरून ओळखू येतं.

जूनच्या मध्यानंतर पहिला मोठा पाऊस पडून थांबला की तासाभरानं चेंबरचं झाकण उघडा. पाइपातून पाणी येत असेल तर ढाळ काम करतो आहे. चेंबर कोरडा आणि टर्फ पायाखाली चपचप करत असेल, तर बाहेरच्या कडेचा एक कोपरा तिथेच उचला आणि चरातलं कापड गाळानं बुजलंय का ते बघा. पोळ्यापर्यंत थांबलात तर कोपऱ्याऐवजी पूर्ण बाजू उचलावी लागेल.